जुनी व्हॅन तापते कधी, त्यावरून कळतं बिघाड कुठे

आजचा भाग जुन्या व्हॅनवाल्यांसाठी. म्हणजे ओम्नी किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढून, गादी-शेगडी टाकून बोर धरणाकडे निघणाऱ्यांसाठी.

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. त्यात ओम्नीचं इंजिन समोरच्या सीटखाली. तापलं की आधी आपल्याच बुडाला कळतं! पण मेकॅनिकला नुसतं "गाडी गरम होते" सांगू नका. कधी होते, ते सांगा.

गर्दीत तापते, पळताना थंड होते: बजाज चौकात उभं असताना काटा चढतो? पहिला संशय पंख्यावर. पळत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. फ्यूज, रिले, मोटर तपासा. पंखा पट्ट्यावर चालत असेल, तर पट्टा सैल झालाय का बघा.

गावात ठीक, समृद्धीवर तापते: रेडिएटर चोंदला असेल. बोअरचं पाणी भरत राहिलं की आत क्षार बसतात, बाहेरून जाळीत किडे नि चिखल. रेडिएटर साफ करून घ्या. पुढे कूलंट नि डिस्टिल्ड वॉटरच भरा.

सुरू केल्यावर लगेच तापते: इंजिन तापलं तरी रेडिएटर थंडच? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. "काढूनच टाकू" म्हणाले तर नाही म्हणा. त्याशिवाय इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं. नवा बसवा.

पाणी कमी होतं, गळती दिसत नाही: सोबत पांढरा धूर थांबत नसेल किंवा ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट गेलं समजा. गाडी चालवू नका, ओढून न्या.

आता रस्त्यात काटा लालकडे गेला तर? एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. तापल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

आणि "पाचच किलोमीटर राहिले, जाऊ हळूहळू" हे तर नकोच. त्या पाच किलोमीटरमध्ये हेड वाकतं. फ्यूजवर भागलं असतं, तिथे इंजिन खोलायची वेळ येते.

काटा चढला की मोबाइलमध्ये टिपून ठेवा: गाडी उभी होती की पळत होती, एसी चालू की बंद, पाणी किती कमी झालं. गॅरेजमध्ये अर्धं काम तिथेच होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. निघण्याआधी थंड इंजिनवर पाणी बघून घ्या!