विमानप्रवासाचे मैल : साठवायचे कोणाकडे?

व्यवसायानिमित्त वारंवार परदेशवारी करणाऱ्यांच्या पाकिटात विमान कंपन्यांची चार-पाच सदस्यत्व कार्डे सहज सापडतात. प्रत्येक खात्यात थोडे थोडे मैल जमलेले असतात; तिकीट मात्र एकाही खात्यातून निघत नाही. या विखुरलेपणाचे मूळ कारण म्हणजे योजनेची निवड प्रवासाला निघण्यापूर्वी न करता विमानतळावरील रांगेत केलेली असते.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये 'एअॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली आणि पुढे जगभरातील कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. अशा योजनांतून प्रवाशाला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे तिकिटासाठी खर्च करता येणारे मैल अथवा गुण. दुसरी म्हणजे सदस्याचा दर्जा. नेहमीच्या प्रवाशाला दुसरीचे मोल अधिक असते. उदाहरणार्थ, 'स्टार अलायन्स'चा गोल्ड दर्जा असलेल्या प्रवाशाला इकॉनॉमीचे तिकीट असतानाही सामान्यतः लाउंजमध्ये प्रवेश, चेक-इनला प्राधान्य आणि २० किलो किंवा एक नग जादा सामान नेण्याची मुभा मिळते. मात्र हा दर्जा ठरावीक मुदतीपुरता असतो आणि प्रवास चार खात्यांत विभागला गेला, तर तो हाती लागणे कठीण होते.

म्हणून प्रथम पाहावी ती कंपन्यांची आघाडी. स्टार अलायन्सची स्थापना १९९७ मध्ये झाली. 'वनवर्ल्ड' १९९९ मध्ये, तर 'स्कायटीम' २००० मध्ये कार्यरत झाली. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असून लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स व युनायटेड याच आघाडीत आहेत. ब्रिटिश एअरवेज व कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये, तर एअर फ्रान्स, केएलएम व डेल्टा स्कायटीममध्ये आहेत. एमिरेट्स या तिन्हींच्या बाहेर आहे. मुंबईहून वरचेवर फ्रँकफर्ट वा सिंगापूरला जाणाऱ्याने स्टार अलायन्समधील एखादी योजना निवडणे स्वाभाविक ठरते. लंडनला ब्रिटिश एअरवेजने जाणाऱ्याचा हिशेब अर्थातच वेगळा.

आघाडी ठरल्यावर तिच्यातील कोणत्या कंपनीचे सदस्य व्हावे, हा प्रश्न उरतो. लुफ्तान्साच्या विमानातील प्रवासाचे गुण एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्येही जमा करता येतात. मात्र एकाच प्रवासाचे गुण दोन खात्यांत घेता येत नाहीत. येथे तिकिटाचा प्रकार निर्णायक ठरतो. डेल्टा व युनायटेडने २०१५ पासून, तर ब्रिटिश एअरवेजने २०२३ पासून गुण देताना अंतराऐवजी तिकिटावरील खर्च हा निकष स्वीकारला. ज्याची कंपनी बिझनेस क्लासचे तिकीट देते, त्याला हे लाभदायक. सवलतीच्या इकॉनॉमीने जाणाऱ्याला मात्र त्यातून फारसे मिळत नाही. भागीदार कंपनीच्या विमानातही स्वस्त तिकिटावर अनेकदा अंतराच्या काही टक्केच मैल जमा होतात.

मुदतीचा प्रश्नही दुर्लक्षून चालत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर'चे मैल सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी बाद होतात. डेल्टा व युनायटेडच्या मैलांना अशी कालमर्यादा नाही. तथापि, मुदत नसली तरी मूल्याची हमी नसतेच. हे असे चलन आहे, ज्याची किंमत ते देणारी कंपनीच ठरवते आणि बदलतेही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. तिची गुणयोजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने गुण लगेच बुडाले नाहीत; परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठवले होते, ती विमानेच उरली नाहीत. मैल म्हणजे मुदत ठेव नव्हे. ते जमवावेत आणि वेळच्या वेळी वापरावेत, हेच बरे.

अखेरचा मुद्दा सचोटीचा आहे. तिकिटाचे पैसे कंपनी भरते आणि मैल कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे महागड्या वा वळशाच्या मार्गाचा मोह होऊ शकतो. असे मैल वैयक्तिक वापरासाठी चालतील का, हे आपल्या कंपनीच्या नियमांत आधी पाहून घ्यावे. गेल्या वर्षभरातील प्रवास कागदावर मांडला, की कोणते मार्ग, कोणती विमाने आणि कोणत्या प्रकारची तिकिटे वारंवार येतात हे स्पष्ट होते. योजना त्या प्रवासाला साजेशी निवडावी. योजनेसाठी प्रवास वाकवू नये.