उन्हाळ्यात कोल्हापूरला या, फुटबॉल बघायला!

परीक्षा संपली की आमचा कार्यक्रम ठरलेला: सकाळी गांधी मैदानात खेळायचं, संध्याकाळी शाहू स्टेडियमवर मॅच बघायची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही मूळची पेठांमधल्या तालमींची नावं. आता त्याच नावांच्या फुटबॉल टीम. त्यामुळे मॅच दोन संघांची कमी, दोन पेठांची जास्त! कॉर्नर मिळाला की अख्खी गॅलरी उभी राहते, नादखुळा. (हुल्लडबाजी मात्र अजिबात पटत नाही.) 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

स्वतः खेळायला नवे बूट घेताय? उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानाला आखूड आणि जास्त स्टडचे बरे. लांब स्टड जमिनीत रुतत नाहीत, पाय मुरगळतो. आणि टोपी आणा, चार वाजताही ऊन भाजून काढतं.