संगीताचे अंक आणि त्यांचे घड्याळ

आमच्या एका शिक्षक मित्राकडे वडिलांच्या काळापासूनच्या कॅसेट आणि सीडी यांचा मोठा संग्रह होता. निवृत्तीनंतर त्याने तो सगळा संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला आणि ऐकण्यासाठी एक चांगला डॅकही विकत घेतला. अडचण एवढीच होती, की संगणक आतल्या खोलीत आणि डॅक, ॲम्प्लिफायर, स्पीकर बाहेरच्या खोलीत. घरातल्या नेटवर्कवरून संगीत घेऊन ते डॅकला पुरवणारे उपकरण, म्हणजे ‘नेटवर्क स्ट्रीमर’, आता हवा होता. बाजारात अशी उपकरणे काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत मिळतात. महाग स्ट्रीमरने आवाज ‘मोकळा’ होतो, असे त्याला दुकानात सांगण्यात आले. तो आम्हाला म्हणाला, “अरे, पाठवायचे आहेत ते अंकच ना? मग महाग यंत्रातून गेलेला ७ हा स्वस्त यंत्रातून गेलेल्या ७ पेक्षा चांगला कसा?”

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना विज्ञानातल्या दोन-तीन सुंदर कल्पना भेटतात, आणि पैसे कुठे खर्च करावेत व कुठे करू नयेत, हेही कळते.

डॅकचे काम

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील सतत बदलणारी लहर. सीडीसाठी ही लहर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मापन १६ बिटांत लिहितात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा क्रमांक नोंदवतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. सर्वांत उंच स्वराच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असे क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील लेखातील प्रमेय सांगते. ४४,१०० ही संख्या या दुपटीच्या थोडी वर आहे.

अंकांवरून पुन्हा विद्युतलहर तयार करणे हे ‘डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर’चे, म्हणजेच डॅकचे काम. त्याला दोन गोष्टी लागतात : बरोबर अंक आणि प्रत्येक अंकाची बरोबर वेळ. स्ट्रीमर निवडताना याच दोन गोष्टींचा माग काढायचा आहे.

अंक वाटेत बिघडतात का?

दोन वाहिन्या (डावी व उजवी), प्रत्येकी १६ बिट आणि ४४,१०० मापने यांचा गुणाकार करा. सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. घरच्या वाय-फायला हे ओझे फार नाही. फाइलमधील अंक लहान लहान पाकिटांत भरून पाठवले जातात. प्रत्येक पाकिटाबरोबर पडताळ्याची संख्या असते, गुणपत्रिकेवर विषयांच्या गुणांखाली बेरीज असते तशी. पडताळा जुळला नाही किंवा पाकीट हरवले, तर नेहमीच्या पद्धतीत ते पुन्हा मागवले जाते.

पाकिटे मागेपुढे येतात हे खरे. पण आपल्या नळाला तरी पाणी चोवीस तास कुठे येते? ते गच्चीवरच्या टाकीत साठते आणि खाली तोटी हवी तेव्हा सारख्या धारेने वाहते. स्ट्रीमरमध्येही अशीच अंकांची टाकी असते. नेटवर्क फारच मंदावले तर टाकी रिकामी होते आणि गाणे थांबते. म्हणजे बिघाड झालाच तर तो खंड पडून किंवा ‘टक्’ असा आवाज होऊन लक्षात येतो. षड्ज थोडा ‘कोरडा’ झाला किंवा तंबोरा ‘दूर’ गेला, असा बिघाड पाकीट हरवल्याने होत नाही.

वेळ कोण राखतो?

स्ट्रीमर आणि डॅक या दोहोंत क्वार्ट्झ स्फटिकाची घड्याळे असतात. कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा, त्यांच्यात दहा लाखांत ५० एवढा फरक आहे. मग सेकंदाला दोनाहून थोड्या अधिक मापनांचा आणि तासाभरात सुमारे ८,००० मापनांचा घोळ होईल. म्हणून दोघांपैकी एकाने दुसऱ्याची वेळ मानलीच पाहिजे.

आपल्या वर्गातले श्रुतलेखन आठवा. एक पद्धत अशी, की गुरुजी आपल्या गतीने सांगतात आणि विद्यार्थी त्या गतीने लिहितो. स्ट्रीमर आणि डॅक कोॲक्सियल तारेने किंवा ऑप्टिकल तंतूने जोडले, तर असेच घडते. अंक आणि त्यांची लय एकाच संदेशात गुंफलेली असते, आणि डॅक त्या लयीमागे चालतो. गुरुजी जरा अडखळले तर विद्यार्थीही थोडा अडखळतो. या सूक्ष्म अडखळण्याला ‘जिटर’ म्हणतात. चांगला डॅक आतल्या परिपथाने त्यातला बराच भाग सपाट करून टाकतो.

दुसरी पद्धत अशी, की विद्यार्थीच म्हणतो, “झाले लिहून, पुढचे सांगा.” असिंक्रोनस यूएसबी जोडणीत डॅकचे स्वतःचे घड्याळ मुख्य असते. अंक थोडे जलद पाठवायचे की सावकाश, हे तोच स्ट्रीमरला कळवतो. मग स्ट्रीमरचे घड्याळ कितीही उंची असले, तरी आवाजाची वेळ ते ठरवत नाही.

जिटर किती असला तर कानाला कळतो? १९९८ मध्ये एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी केलेल्या चाचण्यांत, संगीत ऐकताना २० नॅनोसेकंदांहून कमी जिटर कोणाही श्रोत्याला ओळखता आला नाही. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो, यावरून हा काळ किती लहान आहे ते लक्षात येईल. साधारण बऱ्या उपकरणांतला जिटर याहूनही पुष्कळ कमी असतो.

तारेतून आणखी काय येते?

इथे मात्र ‘अंक ते अंकच’ हा युक्तिवाद अपुरा पडतो. तांब्याच्या तारेतून अंकांबरोबर विजेचा गोंगाटही येऊ शकतो. उपकरणे वेगवेगळ्या प्लगांतून जोडलेली असतील, तर त्यांच्या भूजोडणीतून वर्तुळ तयार होते आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली घरघर ऐकू येते. अंक बरोबरच असतात, पण डॅकनंतरच्या ॲनालॉग भागात ही घरघर शिरते. ऑप्टिकल तंतूतून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे हे वर्तुळ तिथेच तुटते. घरघर येत असेल तर लाखाचा स्ट्रीमर घेण्याआधी ऑप्टिकल जोडणी करून पाहावी.

निवड करताना

पहिली पाहणी डॅकच्या मागच्या बाजूची करावी. यूएसबी, कोॲक्सियल, ऑप्टिकल यांपैकी कोणती खाच आहे? स्ट्रीमरवर यूएसबीची खाच दिसली म्हणजे ती डॅकसाठीच असते असे नाही. ती नुसती वीजपुरवठ्याची किंवा पेन ड्राइव्हची असू शकते. माहितीपत्रक नीट वाचावे.

दुसरे, स्ट्रीमर अंक आहेत तसे पुढे देतो का? काही उपकरणे सर्व संगीत ४८,००० च्या गतीत बदलून देतात. ध्वनीची पातळी स्ट्रीमरमध्ये कमी केली तरी अंक बदलतात. ती शंभर टक्के ठेवून ॲम्प्लिफायरवर आवाज कमी-जास्त करावा.

तिसरे, सलग वादन. ख्यालाचा विलंबित भाग एका फाइलमध्ये आणि द्रुत दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर मध्ये क्षणभराची शांतताही खटकते. ही उणीव कोणाच्याही कानाला कळते, आणि दुकानात पाच मिनिटांत तपासता येते.

१,९२,००० मापनांच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अशा संगीताची तुलना त्याच संगीताच्या सीडी दर्जाच्या रूपाशी केली. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी ५२.३ टक्के उत्तरे बरोबर निघाली. फरक असलाच तर तो एवढा बारीक आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : यंत्राआधी त्याची आज्ञावली म्हातारी होते. गूगलचे ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ हे ऑप्टिकल जोडणी असलेले स्वस्त उपकरण २०१५ मध्ये आले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. लॉजिटेकने ‘स्क्वीझबॉक्स’ मालिका २०१२ मध्ये बंद केली. पण तिची सर्व्हर आज्ञावली सर्वांसाठी खुली होती. हौशी लोकांनी ती जिवंत ठेवली, आणि जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘मूड ऑडिओ’ किंवा ‘पायकोअरप्लेअर’ अशी मोफत आज्ञावली घातली, की तोही यूएसबी डॅकसाठी पुरेसा स्ट्रीमर होतो. एखादी कंपनी उद्या सेवा बंद करील, तेव्हा हे उपकरण काय करू शकेल, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

वर्गात करून पाहा

एकाच डॅकला दोन स्ट्रीमर जोडा. दोन्हींची पातळी सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला ‘चांगला’ वाटतो. पडद्याआड एक विद्यार्थी नाणे उडवून स्ट्रीमर निवडील, ऐकणारा उत्तर लिहील. असे १० वेळा करा. दहा नाणेफेकींचे १,०२४ निकाल संभवतात. त्यांपैकी ९ किंवा १० उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येतील असे फक्त ११ आहेत. म्हणून कोणाची ९ उत्तरे बरोबर आली, तर प्रयोग पुन्हा करण्याजोगा आहे. ५-६ आली, तर फरक नाहीच असे सिद्ध होत नाही. या श्रोत्याला तो कळला नाही, एवढेच म्हणता येते. चाचणीचीही परीक्षा घ्यावी : मूळ फाइल आणि तिचीच फार दाबलेली एमपी३ प्रत यांतला फरक विद्यार्थ्यांना ओळखता येतो का, ते आधी पाहावे. दोन स्ट्रीमर नसतील, तर या दोन फाइलींवरच प्रयोग करावा.

आमच्या मित्राच्या डॅकला असिंक्रोनस यूएसबी होते. त्याने रास्पबेरी पाय घेतला, एक रविवार आज्ञावली बसवण्यात घालवला आणि वाचलेल्या पैशांत जुन्या स्पीकरांच्या जागी नवे आणले. स्पीकरांतला फरक त्याच्या पत्नीला स्वयंपाकघरातूनही कळला, असे तो सांगतो. अर्थात, ती चाचणी पडद्याआड झालेली नाही! आपल्या शाळेत हा प्रयोग केलात, तर निकाल आम्हाला जरूर कळवा, विशेषतः ज्यांत काहीच फरक आढळला नाही ते.