बार नको, घड्याळ बघा: दिव्या विरुद्ध हम्पी

परवा पेणहून रोह्याला येताना मेमूत बसून मोबाईलवर एक डाव पुन्हा बघत होतो. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची फायनल. आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. शेवटच्या टप्प्यात हम्पी चुकली आणि स्क्रीनच्या कडेचा इंजिनचा बार धपकन दिव्याच्या बाजूला गेला. शेजारचा कॉलेजचा पोरगा डोकावत होता. म्हणाला, "एवढं पण दिसलं नाही हिला?"

दिसलं नाही, कारण वेळ नव्हता. जरा हिशोब करू.

फायनलचे पहिले दोन डाव क्लासिकल होते आणि दोन्ही बरोबरीत सुटले. त्यात पहिल्या ४० खेळ्यांना ९० मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला ३० सेकंद जादा. म्हणजे सरासरी एका खेळीला पावणेतीन मिनिटं. मग टायब्रेकर आला: १५ मिनिटं आणि खेळीमागे १० सेकंद. त्याच ४० खेळ्यांना आता सरासरी साडेबत्तीस सेकंद. वेळ थेट पाचपट कमी!

आणि पंधरा मिनिटांची ती शिल्लक संपली की उरतात फक्त १० सेकंद. चार सेकंदांत खेळलात तर सहा वाचतात. विचार करत बसलात तर घड्याळ शून्यावर येऊन डाव जातो. इंजिनच्या बारला हे घड्याळ माहीतच नसतं.

बरं, हम्पी काही नवखी नाही. २०१९ आणि २०२४ ची जागतिक रॅपिड विजेती आहे ती! तिलाही घड्याळाने गाठलं. पहिला रॅपिड डाव बरोबरीत सुटला, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. अडीच विरुद्ध दीड. त्याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

कासू गेल्यावर मी बार झाकला, चुकीच्या आधीची स्थिती लावली आणि पोराला म्हटलं, "आता तू खेळ. दहा सेकंद."

त्याचं बोट स्क्रीनवर नुसतं फिरत राहिलं. टायमर वाजला तेव्हा तो म्हणाला, "दादा, अजून एकदा लावा ना."

नागोठणे येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. तुम्हीपण करून बघा. भेटू पुढच्या भागात!