यंत्र आपले, फुफ्फुसेही आपलीच

छोट्या सुतारकामाच्या शेडमध्ये सर्वात जास्त वेळ कशात जातो? कापण्यात नाही, सांधे करण्यातही नाही. तो जातो घासण्यात. चार सागवानी पट्ट्या जोडून टेबलाचा माथा केला की सांध्यावरचे उंचवटे काढायचे, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, त्यानंतर १२० नंबरचा. दिवसभर खांदा झिजवूनही फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ राहते ती राहतेच. रंधा मशीन लावावी, तर गाठीच्या किंवा उलटसुलट रेषांच्या लाकडाचे टवके उडतात.

यावर उत्तर आहे ड्रम सँडर. एक गोल लाट, तिच्यावर गुंडाळलेला पॉलिशपेपर आणि खालून सरकणारी फळी, इतकेच त्याचे तत्त्व. तयार मशीन दोन-तीन माणसांच्या शेडला परवडत नाही, हे खरे. परंतु ती शेडमध्येच बनवता येते, हेही तितकेच खरे.

लाटेसाठी १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या २५ चकत्या कापाव्यात. एकावर एक चिकटवल्या की ४५० मिलिमीटर लांबीची लाट होते. मधून २५ मिलिमीटरचा सरळ लोखंडी शाफ्ट जातो. शेवटच्या चकत्या शाफ्टला पिन मारून पक्क्या कराव्यात. नुसत्या गोंदावर विसंबू नये. कोकणातल्या दमट हवेत एमडीएफ फुगते, म्हणून वरून वॉर्निशचा हात द्यावा. दोन्ही टोकांना २०५ नंबरची पायाची बेअरिंग, एक अश्वशक्तीची १४४० फेऱ्यांची मोटर आणि दोन्हीकडे सारख्या मापाची पुली. लाट १२५ मिलिमीटर व्यासाची असेल तर पॉलिशपेपरचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या वर जातो. लाकडाला तो पुरेसा आहे.

टेबल पुढच्या बाजूला बिजागरीवर आणि मागच्या बाजूला दहा मिलिमीटरच्या आट्याच्या बोल्टवर ठेवावे. या बोल्टचा एक आटा दीड मिलिमीटरचा. लाट बिजागरी आणि बोल्ट यांच्या बरोबर मध्ये असेल तर बोल्टच्या एका फेरीत लाटेखालचे टेबल पाऊण मिलिमीटर उचलले जाते. म्हणजे पाव फेरीला जेमतेम ०.२ मिलिमीटर. एका वेळी यापेक्षा जास्त घासण्याचा मोह धरू नये. हे यंत्र जाडी उतरवण्यासाठी नाही, सारखेपणा आणण्यासाठी आहे.

आता खरी युक्ती. लाट चकत्यांची असल्याने ती सुरुवातीला वेडीवाकडीच असते. तिला लेथवर नेण्याची गरज नाही. एका सपाट फळीवर ६० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवावा, ती टेबलावर ठेवावी, लाट फिरत असताना टेबल हळूहळू वर घ्यावे आणि फळी पुढे-मागे सरकवावी. लाट आपोआप गोल होते आणि टेबलाला समांतरही होते. ज्या टेबलावर काम करायचे, त्याच टेबलाने लाटेला घडवायचे! त्यानंतर पॉलिशपेपरची पट्टी तिरकी गुंडाळावी. लाट फिरताना पट्टी आवळली जावी, सैल होऊ नये, अशी दिशा धरावी. पॉलिशपेपर राळेने भरला तर जुन्या चपलेच्या क्रेप सोलचा तुकडा त्यावर धरावा, तो साफ होतो.

फळी नेहमी लाटेच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावी. दिशा चुकली तर लाट फळी ओढून घेते आणि तिच्याबरोबर हातही. समोर उभे राहू नये, बाजूला राहावे. आखूड तुकडा लांब फळीला चिकटवूनच आत घालावा. साधे बटण लावू नये, स्टार्टर लावावा. वीज गेली आणि परत आली की साध्या बटणावरची मशीन आपोआप सुरू होते. त्या वेळी कोणाचा हात लाटेवर असेल, हे महावितरणला माहीत नसते.

पण बोटापेक्षाही मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो धुळीचा आहे. इंग्लंडमधील हाय वायकोम्ब हे फर्निचरचे गाव. तेथील कामगारांमध्ये नाकाच्या आतील कर्करोग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, हे डॉक्टरांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. करवतीचा भुसा जड असतो, तो खाली पडतो. पॉलिशपेपरची धूळ बारीक असते, ती हवेत तरंगते आणि श्वासातून आत जाते. तोंडावर बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही.

कायदा काय करतो? १९४८ च्या मूळ कारखाने अधिनियमात धूळ काढून घेण्याची आणि फिरत्या भागांना आडोसा करण्याची सक्ती होती. परंतु विजेवर चालणारा कारखाना ठरायला दहा कामगार लागत. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ही अट वीसवर गेली. दोन-तीन जणांची शेड सहसा तेव्हाही बाहेर होती, आजही बाहेर आहे. निरीक्षक तेथे येणार नाही. आणि दावा लावून भरपाई मिळालीच, तरी कोर्टाच्या हुकुमाने फुफ्फुस परत मिळत नाही.

तेव्हा जे कायद्याने सांगितले नाही, ते मशीन बनवणाऱ्याने स्वतःच्या नकाशात लिहिले पाहिजे. लाटेवर पूर्ण झाकण, झाकणाला १०० मिलिमीटरचे तोंड, तेथून पाइप आणि पाइपच्या टोकाला धूळ ओढणारा ब्लोअर. जमल्यास ब्लोअर शेडबाहेर, मात्र शेजाऱ्याच्या दारात नव्हे. पट्ट्यावर जाळी. मोटर बंद कवचाची. तोंडावर एन-९५ मास्क. हा खर्च मशीन झाल्यानंतरचा नाही. मशीनच्या खर्चातच तो धरला पाहिजे. पैसे कमी पडत असतील तर लाट ४५० ऐवजी ३०० मिलिमीटरची करा, पण झाकण गाळू नका.

आपल्याकडे राबणारे हात एकीकडे आणि यंत्राचे शहाणपण दुसरीकडे, अशी वाटणी फार जुनी आहे. आपल्या शेडमध्ये आपल्या मापाची मशीन उभी करणारा कारागीर ती वाटणी मोडतो. मात्र ज्या पोराला तो हाताखाली उभे करतो, त्याच्या श्वासाचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागेल. ब्लोअर सुरू केल्याशिवाय लाट फिरणार नाही, हा नियम शेडच्या भिंतीवर लिहा आणि पहिल्यांदा मालकानेच तो पाळावा.