धर्म बदलला तरी लग्न कायम

हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न नवरा किंवा बायकोने धर्म बदलल्याने आपोआप मोडत नाही. 1955 च्या या कायद्याचे कलम 13(1)(दोन) इतकेच सांगते की, जोडीदार धर्मांतर करून हिंदू राहिला नसेल, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत दोघे पती-पत्नीच असतात.

हा हक्क धर्म न बदललेल्याचा आहे. धर्म बदलणाऱ्याला स्वतःचेच धर्मांतर पुढे करून सुटका मागता येत नाही. मात्र क्रूरता, परित्याग यांसारखी इतर कारणे त्यालाही खुली राहतात. इस्लाम स्वीकारलेल्या पतीची अशी याचिका चालू शकते, असा निर्णय न्या. लीला सेठ यांनी 1983 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिला. लग्नाच्या वेळी दोघे हिंदू होते, हे त्यात निर्णायक ठरले.

धर्मांतर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न याहून नाजूक. श्रद्धा ढळणे, देवपूजा सोडणे किंवा नास्तिक होणे पुरेसे नाही. दुसरा धर्म स्वीकारलेला असावा लागतो. दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना प्रार्थनेला जाणारे हिंदू त्यामुळे ख्रिस्ती होत नाहीत. शिवाय कायद्यातला ‘हिंदू’ बोलीभाषेतल्या हिंदूपेक्षा बराच ऐसपैस आहे. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हा कायदा लागू आहे. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या जोडीदारांना या कलमाखाली घटस्फोटाचे कारण मिळाले नाही.

इतर बहुतेक कारणांवर घटस्फोट मागितला, तर न्यायालय त्याऐवजी न्यायालयीन विभक्ततेचा हुकूम देऊ शकते. धर्मांतराच्या बाबतीत कलम 13-अ ती मुभा देत नाही. या कायद्याने न्यायालयावर टाकलेले समेटाच्या प्रयत्नाचे बंधनही इथे नाही. कुटुंब न्यायालयात मात्र 1984 च्या वेगळ्या कायद्यामुळे तडजोडीची खटपट होते.

सगळ्यात जास्त गैरवापर झाला तो दुसऱ्या लग्नासाठी. पहिली बायको असताना इस्लाम स्वीकारायचा आणि दुसरा संसार थाटायचा, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सरला मुदगल खटल्यात बुजवली. पहिले लग्न शाबूत असल्याने दुसरे निरर्थक आणि नवरा द्विविवाहाचा गुन्हेगार, असा तो निकाल. 2000 मध्ये लिली थॉमस प्रकरणात न्यायालय त्यावर ठाम राहिले. या गुन्ह्यासाठीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 494 ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 ने घेतली आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे.

पोटगीत मात्र पारडे झुकलेले दिसते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार नवऱ्याने धर्म बदलला, तर बायकोला वेगळे राहून निर्वाहखर्च मागता येतो. बायकोनेच धर्म बदलला, तर या कायद्याखालचा तिचा हक्क जातो. तिच्यासाठी उरतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 चा मार्ग. तिथे अर्जदार बाईचा धर्म विचारात घेतला जात नाही.

विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना हिंदू विवाह कायद्याचे कलम 13 लागूच होत नाही. 1954 च्या त्या कायद्यात धर्मांतर हे घटस्फोटाचे कारणच नाही.