राखणीचें कुत्रें व त्याची भाषा

भात लोंबीस आलें कीं चंदगड तालुक्यांतील शेतकऱ्याच्या डोळ्यास डोळा लागत नाहीं. रानडुकरें, गवे आणि या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकाच्या बाजूनें येऊं लागलेले हत्ती यांपासून भात, ऊस व रताळीं राखावयाचीं असतात. माळ्यावर धनी व माळ्याखालीं कुत्रें, अशी ही जोडी रात्र काढते. या सोबत्यास आपलें सांगणें कसें कळतें व तो आपणांस काय सांगतो, हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. त्यावर पीक व प्रसंगीं प्राणही अवलंबून असतो. म्हणून त्याचें थोडें विवेचन आम्ही येथें करीत आहों.

कुत्रें हें लांडग्याच्या वंशांतील असून निदान चौदा हजार वर्षें मनुष्याच्या संगतींत आहे. या संगतीनें त्यास मनुष्याच्या तोंडाकडे पाहण्याची संवय जडली. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं इ. स. २००३ मध्यें असें दाखविलें कीं, कितीही खटपट केली तरी न निघणारें खाद्य पुढें ठेविलें असतां माणसाळविलेला लांडगा त्याच्याशींच झटत राहतो. कुत्रें मात्र थोड्या वेळानें मान वळवून माणसाकडे पाहतें.

आपल्या हाताची खूणही त्यास कळते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं रस्त्यावरील बेवारशी कुत्र्यांपुढें दोन झांकलेलीं भांडीं ठेवून एकाकडे बोट दाखविलें. इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत जीं कुत्रीं जवळ आलीं, त्यांपैकीं सुमारें ८० टक्के दाखविलेल्या भांड्याकडेच गेलीं. त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. परंतु जवळजवळ निम्मीं कुत्रीं पुढें आलींच नाहींत, व त्यांतील पुष्कळ भेदरलेलीं दिसलीं. यांतून आपण घ्यावयाचा बोध उघड आहे. मार खाल्लेलें कुत्रें आपला हात पाहतें तें खूण समजण्यासाठीं नव्हे, तर तो चुकविण्यासाठीं.

आतां त्याचें बोलणें पाहूं. जाड, खरखरीत व लागोपाठ भुंकणें बहुधा परक्यास धमकावण्याचें असतें. बारीक व थांबून थांबून भुंकणें भीतीचें, एकटेपणाचें किंवा खेळाचें असतें. शेपटी हालली म्हणजे कुत्रें आनंदलें, ही समजूत सर्वथा खरी नाहीं. सैल शेपटीबरोबर सगळें अंग हालत असेल तर तो आनंद. ताठ उभारलेली शेपटी नुसती थरथरत असेल तर तो इशारा. कान पाडून, ओठ चाटीत तोंड फिरविणारें कुत्रें भ्यालेलें असतें; अशा वेळीं मुलांस त्याच्या अंगाशीं जाऊं देऊं नये. गुरगुरल्याबद्दल त्यास मारूंही नये. माराच्या भयानें गुरगुरणें सोडलेलें कुत्रें पुढें न सांगतांच चावण्याचा संभव असतो.

एरवीं डुकरांवर धांवून जाणारें कुत्रें एखाद्या रात्रीं अंग चोरून पायांशीं आलें, तर बिबट्या किंवा हत्ती जवळ असावा असें समजून सावध व्हावें. त्यास छू म्हणून पुढें घालूं नये. हत्तीनें पाठलाग केलेलें कुत्रें धन्याकडेच पळत येतें व हत्तीस त्याच्यावर आणतें. अंधारांत पुढें न जातां वनखात्यास कळवावें.

कुत्र्याचा आवाज अकस्मात् बदलला, लाळ गळूं लागली व कारणावांचून तें चावूं लागलें, तर तें पिसाळल्याची शंका घ्यावी. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. कुत्र्यासही दर वर्षीं लस टोंचवावी.

शेवटीं एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरांतील सर्वांनीं एका कामास एकच शब्द व एकच खूण वापरावी, आणि काम होतांच भाकरीचा तुकडा द्यावा. कुत्रें आपली भाषा शिकावयास तयारच असतें. त्याची भाषा शिकण्याचे कष्ट आपण घ्यावयाचे आहेत.